वीस वडापाव खायचे म्हणे!

उभा राहा. मागच्या बाकावर जे तोंड लपवून हसताहेत त्यांनीही उभं राहायचं, कारण पैजेचे पैसे तुमच्याच खिशातून आलेत. ही वही मला तुझ्या बाकाखाली मिळाली. पहिल्या पानावर वर्गातल्या मुलांची नावं, नावांपुढे दहा-दहा रुपये, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलंय की 23 ऑगस्टला, जागतिक वडापाव दिनी, तू फाटकाबाहेरच्या गाडीवर एका बैठकीत वीस वडापाव खाणार. खाली सही करताना स्वतःला ‘वडापावभक्त’ म्हणवून घेतलंयस. दहावीचं वर्ष आहे. नीट ऐक, आणि मी बोलते आहे तोवर ‘पण बाई’ म्हणायचं नाही.

वडापाव खाल्लास म्हणून मी रागावलेले नाही. या भागात वाढलेल्या पोराने वडापाव खाऊ नये असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. पावसात भिजत स्टेशनवरून येताना गरम वडा हातात पडला की जिवाला किती बरं वाटतं ते मला ठाऊक आहे. मी रागावले ती टाकीमागे सापडलेल्या पोळ्यांमुळे. शिपाईमामांनी मला तिथे नेऊन दाखवलं. मेथीची भाजी, घडी घातलेल्या पोळ्या, कागदात बांधलेली शेंगदाण्याची चटणी. आजच्या आणि कालच्याही. त्यांनी सांगितलं की हे पावसाळ्याच्या आधीपासून चाललंय. रोज सकाळी घरी खाऊन निघत नाहीस, शाळेत यायच्या आधी एक वडापाव, मधल्या सुट्टीत दोन, क्लासला जाताना आणखी एक. आणि डबा टाकीमागे. संध्याकाळी रिकामा डबा आईपुढे ठेवतोस आणि तिला वाटतं, लेकाने सगळं संपवलं.

तुझी आई किती वाजता उठते? माहीत आहे तुला? मागच्या पालकसभेला त्या मला म्हणाल्या की सव्वासातची लोकल चुकली तर ऑफिसात लेटमार्क लागतो, म्हणून पावणेपाचला उठून दोन डबे करते, एक ह्यांचा आणि एक लेकाचा. स्वतः डबा नेत नाहीत त्या, वेळच उरत नाही. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ‘डबा मात्र रोज संपवून आणतो हं,’ असंही म्हणाल्या, कौतुकाने. मी तेव्हा मान डोलावली होती. आपल्याकडे म्हणतात, खाऊन माजावं, टाकून माजू नये. तू टाकलंस, वर खोटं बोललास, आणि त्याला भक्ती असं नाव दिलंस. यातली चूक कोणती मोठी ते तूच ठरव, मला तिन्ही सारख्याच लागल्या.

आता तुझा तो अमेरिकेतला माणूस. काल व्हरांड्यात तू पोरांना सांगत होतास ते मी ऐकलं: ‘डॉन गॉर्स्की रोज बर्गर खातो, पन्नास वर्षं झाली, त्याला काही झालं नाही.’ गॉर्स्कीचं नाव घेतलंस ना, मग त्याची गोष्ट पुरती माहीत करून घे. विस्कॉन्सिन राज्यातल्या फाँड्युलॅक गावचा हा माणूस, तुरुंगात पहारेकरी होता, आता निवृत्त आहे. 17 मे 1972 रोजी त्याने पहिला बिग मॅक खाल्ला, त्याच दिवशी एकूण नऊ खाल्ले, आणि तिथून पुढे थांबलाच नाही. 2018 साली त्याचा तीस हजारावा बिग मॅक झाला. गिनीज बुकात नाव आहे. 2004 मध्ये आलेल्या ‘सुपर साइझ मी’ या माहितीपटातही तो दिसतो. एवढं तुला ठाऊक आहे, कारण मोबाइलवर एवढंच फिरतं.

न फिरणारा भाग असा. तो दिवसाला साधारण दोन बिग मॅक खातो, वीस नाही. बरोबर बटाट्याचे तळलेले काप सहसा घेत नाही. रोज नऊ-दहा किलोमीटर चालतो. प्रत्येक खरेदीची पावती जपून ठेवतो, म्हणजे कधी काय खाल्लं याचा हिशोब त्याच्याकडे आहे. तुझ्याकडे कसला हिशोब आहे? बसचे पैसे कुठे जातात हेसुद्धा घरी सांगता येत नाही तुला. आणि एक गोष्ट तर मुद्दाम सांगते. एवढ्या वर्षांत जे मोजके दिवस त्याने बिग मॅक खाल्ला नाही, त्यातला एक दिवस त्याची आई वारली तो होता. आईची तशी इच्छा होती म्हणून त्या दिवशी खाल्ला नाही, असं त्यानेच सांगितलंय. ज्याला तू आदर्श म्हणतोस त्याने आईच्या शब्दाखातर नेम मोडला. तू आईने हाताने केलेलं अन्न टाकीमागे फेकलंस.

शिवाय ज्या पदार्थावर तो जगतो त्यात गोमांसाच्या दोन टिक्क्या, चीज आणि थोडी हिरवी पानं असतात. ते चांगलं जेवण आहे असा माझा दावा नाही. पण प्रथिनं त्यात असतात, आणि बी-12 असतं. तुझ्या वडापावात काय असतं? मैद्याचा पाव, आत बटाटा, वर बेसनाचं पातळ आवरण, आणि तेल. म्हणजे पिठावर पीठ. पावातून, बेसनातून आणि लसणाच्या सुक्या चटणीतल्या शेंगदाण्यातून मिळतं तेवढंच प्रथिन. पालेभाजी नाही, फळ नाही, दूध नाही. बी-12 जवळपास शून्य. तू मांस-मच्छी खात नाहीस, घरचं दूध-दहीही बंद केलंस असं आईच म्हणत होत्या. मग तुझ्या शरीराला ते मिळणार कुठून? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये नवी आहारसूत्रं दिली, त्यात रोजच्या ताटात 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं सांगितली आहेत. तुझ्या दिवसभराच्या खाण्यात भाजी म्हणजे वड्यातली कोथिंबीर आणि तोंडी लावायला तळलेली मिरची.

एक लाख लोकांनी रोज बर्गर खाल्ले असते आणि सगळे धडधाकट राहिले असते, तर ती तुझ्या बाजूची साक्ष झाली असती. एकट्या गॉर्स्कीवरून काही सिद्ध होत नाही. तो बातमीत आला तोच मुळी त्याच्यासारखा दुसरा सापडत नाही म्हणून. विज्ञानाच्या तासाला मी तुम्हाला नमुना म्हणजे काय ते शिकवलं. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे वहीत लिहून घेतलंस, परीक्षेत त्याचे गुणही मिळवलेस, आणि स्वतःच्या पोटाच्या बाबतीत सोयीस्करपणे विसरलास.

एकाच माणसाकडे बघायचं असेल तर इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या त्या मुलाकडे बघ. 2019 च्या सप्टेंबरात त्याच्यावरचा लेख वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. प्राथमिक शाळेत असल्यापासून तो जवळपास एवढंच खायचा: जवळच्या दुकानातले बटाट्याचे तळलेले काप, पाकिटातल्या चकत्या, पांढरा पाव, आणि कधी प्रक्रिया केलेल्या मांसाचे काप. तुझ्याच वयाचा, चौदा वर्षांचा असताना थकवा येतो म्हणून डॉक्टरकडे गेला. बी-12 कमी निघालं, इंजेक्शनं दिली, ती त्याने पुढे चालू ठेवली नाहीत. पंधराव्या वर्षी कानावर परिणाम दिसू लागला, मग डोळ्यांवर. सतरा वर्षांचा होईपर्यंत दृष्टी इतकी गेली होती की कायद्याच्या भाषेत तो अंध ठरला. डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नसच पोषणाअभावी खराब झाली होती, आणि ते नुकसान भरून येणारं नव्हतं. आता हे लक्ष देऊन ऐक: त्याची उंची आणि वजन अगदी सर्वसाधारण होतं. बाहेरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. ‘मी कुठे जाडा झालोय, बाई?’ असं तू गेल्या आठवड्यात विचारलंस, त्याचं उत्तर हे आहे.

त्या मुलाबद्दल मी रागाने बोलू शकत नाही. त्याला काही पदार्थांचा स्पर्शच जिभेला सहन व्हायचा नाही, तो एक आजार होता, त्याला उपचारांची गरज होती. तुझी गोष्ट वेगळी. तू पाचवीपर्यंत कारल्याची भाजी खायचास, शाळेच्या स्नेहभोजनात अळूचं फदफदं दोनदा वाढून घेतलं होतंस. तुला सगळं खाता येतं. तू ठरवून सोडलंस, कारण सोडण्यात मित्रांची वाहवा मिळाली. पण थांब. खरंच जिभेवर दुसरं काही ठेववत नसेल, घास फिरत असेल, तर ते आज संध्याकाळी मला एकटा येऊन सांग. मग मी ओरडणार नाही, तुझ्या आईशी बोलून आपण डॉक्टरांकडे जाऊ. तसं नसेल तर उगाच आजाराचं सोंग आणू नकोस.

तेलाचंही सांगते, आणि यात गाडीवरच्या काकांना दोष देत नाही. ते पहाटेपासून उभे असतात, त्यांच्यावर घर चालतं. पण सकाळी कढईत ओतलेलं तेल दिवसभर तापतं, खालचा चुरा जळून काळा होतो, वरून नवं तेल पडत राहतं. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात जी घातक संयुगं तयार होतात त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही, असा नियम 1 जुलै 2018 पासून देशभर लागू आहे. नुसत्या डोळ्यांनी ते प्रमाण तुला कळेल का? मला कळत नाही. महिन्यातून एखाद्या वेळी खाणाऱ्याला त्याने फार बिघडत नाही. दिवसाला चार खाणाऱ्याचा सगळा आहारच त्या एका कढईतून येतो. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं खाऊ नये असं अन्नसुरक्षा प्राधिकरण वारंवार सांगतं, कारण शाई अन्नाला लागते. तुझ्या वहीच्या कोपऱ्यांवर छापील अक्षरं उमटली आहेत बघ, तेलकट बोटांनी.

आता तू काय म्हणणार ते मला माहीत आहे. गेल्या महिन्यात निबंधात लिहिलंस की गिरणी कामगार वडापाववर जगला, मग मी का जगू नये. निबंधाला मी गुण दिले नाहीत, कारण तो इतिहास खोटा होता. आज कारण सांगते.

वडापाव सुरू झाला 1966 च्या सुमारास, दादर स्टेशनबाहेर. अशोक वैद्य यांचं नाव त्यासाठी घेतलं जातं, त्याच काळातल्या सुधाकर म्हात्रे यांचंही घेतात. पाळी संपवून किंवा पाळीला निघालेल्या माणसाला गाडी पकडायच्या आत उभ्याउभ्या, एका हातात धरून, परवडेल असं काहीतरी हवं होतं, ते मिळालं. दोन जेवणांच्या मधली भूक भागवणारं खाणं होतं ते. कामगाराचं जेवण खाणावळीत व्हायचं. लालबाग-परळच्या चाळींमधून बायका खाणावळी चालवायच्या. गावाहून एकट्याने आलेला सातारचा, कोकणातला माणूस महिन्याचे पैसे बांधून तिथे दोन वेळा जेवायचा. भात, आमटी, भाकरी, भाजी, वार असेल तेव्हा मासे. त्या बायका उधारीने धान्य आणत, सावकाराच्या व्याजात बुडत. त्यांना त्यातून बाहेर काढायला प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेकडून कर्जं मिळवून दिली. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. गिरणगाव या बायकांच्या हातचं जेवून जगला, आणि तुझ्या निबंधात त्यांच्यासाठी एक ओळ नाही.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, गिरण्या बहुतेक पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. तेव्हा कितीतरी घरांनी वडापावची गाडी टाकली, आणि कितीतरी घरांत वडापाव जेवणाच्या जागी आला, कारण दुसरं परवडत नव्हतं. ते दिवस काढलेल्या माणसाला विचार, तो त्या वडापावचा अभिमान सांगेल आणि पोरांच्या ताटात भाजी नव्हती याचं दुःखही सांगेल. नाइलाजाने जे खावं लागलं, ते भरलेला डबा फेकून देणाऱ्या पोराने मिरवायचं नसतं. तुझ्या आजोबांनी गिरणीत काम केलं ना? मग हे मी तुला शिकवायची वेळ यायला नको होती.

याच शहरात 1890 पासून डबेवाले आहेत. मावळातली, खेड-जुन्नरची माणसं डबे लोकलमधून वाहून नेतात, कशासाठी? घरचं शिजलेलं दुपारी माणसाच्या हाती पडावं म्हणून. तुझा डबा तर तुझ्या दप्तरातच होता.

आणि आता शिबिराबद्दल, जे मी इतके महिने मनात ठेवलंय.

हिवाळ्यात आपण अकोले तालुक्यात गेलो होतो. ज्यांच्या अंगणात आपली पंगत बसली त्या आजींनी सकाळपासून चूल पेटवली होती. नाचणीची भाकरी, वालाचं कालवण, ठेचा, आणि पाहुणे म्हणून वर तूप. तू ताट हाताने पुढे सरकवलंस. ‘मला हे चालत नाही’ म्हणालास, आणि दोघांना घेऊन फाट्यावर वडापाव शोधायला गेलास. आजी काही बोलल्या नाहीत. तुझ्या वाटची भाकरी त्यांनी फडक्यात गुंडाळून ठेवली, पोरगा परत आल्यावर खाईल म्हणून. परत आलास तेव्हा तुझ्या हाताला तेल होतं आणि तू विनोद करत होतास.

त्या वालाबद्दल तुला काही माहीत आहे का? त्याच तालुक्यात कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे राहतात. शाळेत कधी गेल्या नाहीत. आपल्या भागातली जुनी बियाणी नाहीशी होताहेत, हे त्यांनी पाहिलं आणि घरात जपायला सुरुवात केली. वालाचे कितीतरी प्रकार, भाताचे, भाज्यांचे. त्या कामासाठी 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण शिबिराला गेलो ते हे बघायला. डोंगरातल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं बी त्या कालवणात शिजलं होतं, आणि तू ते चाखूनसुद्धा पाहिलं नाहीस. चाखून आवडलं नसतं तर मी समजून घेतलं असतं. पाहुणा म्हणून एक घास घ्यायचा असतो. घरच्या माणसांसमोर ताट सरकवायचं नसतं. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण तुला ते कळलं नाही याची मला तेव्हा शरम वाटली, आणि मी त्या आजींची क्षमा मागितली. तुझ्या वतीने.

तू म्हणतोस तुझं वडापाववर प्रेम आहे. मला ते दिसत नाही. कल्याणला जाऊन खिडकी वडा खाल्लायस? वझ्यांच्या घराच्या खिडकीतून विकायला सुरुवात झाली म्हणून ते नाव पडलं. कर्जतला गाडी थांबते तेव्हा दिवाडकरांचा वडा घेतलायस? दादरला कीर्ती कॉलेजजवळ वड्याबरोबर बेसनाचा कुरकुरीत चुरा घालतात, तो? घरी आईला कधी विचारलंस, वड्याच्या भाजीत आलं-लसूण किती, फोडणीत मोहरी का, बेसनात मोहन घालतात ते कशासाठी? एकदा तरी पोळपाट-लाटण्याशेजारी उभं राहून बटाटे सोललेस? ज्याला एखाद्या पदार्थाचं वेड असतं तो त्याच्या मागे हिंडतो, शिकतो, करून बघतो. तू शाळेच्या फाटकापलीकडे गेलेला नाहीस. जीभ एका ठिकाणी अडकून पडली आहे, तिथून हलण्याचा कंटाळा आहे, आणि त्या कंटाळ्याला तू निष्ठा म्हणतोस.

बटाटा आपला नव्हता. मिरचीही नव्हती. दोन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या गलबतांतून इकडे आली. पाव भाजायची कला पोर्तुगीजांकडून गोव्यात आली, आणि गोव्याच्या बेकऱ्यांनी ती मुंबईत आणली. आपल्या बायांनी त्या परक्या बटाट्याला हळद-मोहरीची फोडणी दिली, बेसनात बुडवून तळलं, आणि दादरच्या गाडीवाल्याने ते परक्या पावात घातलं. यातल्या प्रत्येकाने समोर आलेलं अनोळखी अन्न तोंडात घालून पाहिलं. त्यांच्यापैकी कोणी तुझ्यासारखं ‘मला हे चालत नाही’ म्हणून ताट सरकवलं असतं, तर आज तुझ्या हातात वडापाव आलाच नसता.

तुझ्या वयात हाडं भरताहेत, उंची वाढते आहे, रक्त तयार होतंय. देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, 2023 मध्ये मोठी पाहणी प्रसिद्ध झाली तिच्यातला हा आकडा आहे, आणि तुझ्या वडिलांना तो आहे हे तुला ठाऊक आहे. वर्गात दुसऱ्या तासाला तुझी मान खाली पडते. गेल्या चाचणीत गणिताचा पेपर अर्धा सोडलास. शंभर मीटरला जो पोरगा सातवीत पहिला यायचा तो परवा दुसऱ्या फेरीत कठड्याला टेकून उभा होता. मी बघत असते. मुलं समजतात, बाई फक्त फळ्याकडे बघतात.

वीस वडापाव एका बैठकीत पोटात गेले तर काय होईल? एका वडापावात तीनशेच्या आसपास उष्मांक धर, म्हणजे सहा हजार. पोट ताणून ताणून उलटी, आणि घाईत घास घशात अडकला तर श्वास बंद. पैजा लावून खाताना माणसं दगावली आहेत. ज्यांनी दहा-दहा रुपये दिलेत ते तुझे मित्र आहेत असं तुला वाटतं. तू तळमळायला लागलास तर यांच्यातला एकही डॉक्टरकडे धावायचा नाही, सगळे मोबाइल काढून चित्रण करतील. हो, मागे उभे आहेत त्यांच्याबद्दलच बोलते आहे. मान खाली घालून काय होणार?

आता काय करायचं ते सांगते, हे विनंती म्हणून सांगत नाही. आज घरी गेल्यावर आईला टाकीमागचं सगळं स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मी फोन करणार नाही, पण सोमवारी त्यांना भेटणार आहे, तेव्हा त्यांना ठाऊक असलं पाहिजे. उद्यापासून डबा माझ्यासमोर, शिक्षकखोलीत बसून खायचा, महिनाभर. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की खा वडापाव, एक, खुशाल खा, मीही खाईन. बी-12 आणि हिमोग्लोबिनची रक्ततपासणी सरकारी दवाखान्यात करून कागद मला आणून दाखवायचा. अकोल्याच्या आजींना पत्र लिहायचं, पोस्टकार्डावर, स्वतःच्या अक्षरात. पत्ता मी देते. निबंध पुन्हा लिहायचा, त्यात खाणावळींच्या बायका आल्या पाहिजेत, आणि आजोबांना विचारून त्यांच्या खाणावळीत वार कोणता, मासा कुठला, महिन्याचे पैसे किती, ते सगळं आलं पाहिजे.

ही घे वही. यातली नावं वाच, मोठ्याने. प्रत्येकाने पुढे येऊन आपले दहा रुपये परत घ्यायचे, माझ्यासमोर, आत्ता. ज्याचे खर्च झालेत त्याचे तू स्वतःच्या खाऊच्या पैशांतून शुक्रवारपर्यंत फेडायचेस. चल, पहिलं नाव.